सापडलेल्या मुलाची जन्मतारीख

दोन काळांत चालणारी कादंबरी तुम्ही वाचली असेलच. एका काळात टाकलेलं मूल, दुसऱ्यात जुने कागद चाळणारी कुणी संशोधक, आणि शेवटच्या प्रकरणात दोन्ही धागे जुळतात. गिरणगावातल्या टाकलेल्या मुलांवर काम सुरू केलं तेव्हा मलाही वाटलं, असंच काहीतरी होईल. झालं नाही.

असं मूल कागदावर कधी येतं? एखाद्या संस्थेने किंवा कोर्टाने ताब्यात घेतलं तर. १८७५ साली पंढरपुरात निघालेलं बालहत्या प्रतिबंधक गृह घ्या. ते चालवण्यात गिरगावचा प्रार्थना समाज होता. म्हणजे अहवाल, देणग्या, पत्रव्यवहार आलेच. मुंबईत १९२४ चा बाल कायदा आणि १९२७ ची चिल्ड्रन्स एड सोसायटी आल्यावर निराधार मुलांच्याही फायली होऊ लागल्या.

आता नारायण सुर्वे घ्या. रस्त्यावर सापडलेलं हे तान्हं पोर गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने घरी नेलं, काशीबाईंनी वाढवलं, आपलं आडनाव दिलं. कोर्ट नाही, संस्था नाही. मूल घरात गेलं, म्हणून फाईल झाली नाही. पुढे हे जोडपं कोकणात गावी परतलं आणि पोरवयातला नारायण मुंबईत पुन्हा एकटा राहिला. त्याचीही सरकारदरबारी दखल नाही.

आणि तरी जन्मतारीख सगळीकडे छापलेली: १५ ऑक्टोबर १९२६. मी पहिल्या मसुद्यात ती बिनधास्त लिहून टाकली. सरांनी पेन्सिलीने गोल केला आणि बाजूला एवढंच लिहिलं, ‘कुणी पाहिलं?’ खरंच की! कामगार वस्तीतल्या पोरांच्या तारखा पुष्कळदा शाळेत नाव घालताना अंदाजाने ठरायच्या. म्हणजे ही तारीख जन्माचा पुरावा म्हणून कच्ची. पण या मुलाला कुणीतरी ‘आपलं’ म्हणून नोंदवलं, याचा पुरावा म्हणून मोलाची.

उरतो दुसरा काळ, म्हणजे मोठेपणीचं सांगणं. ‘माझे विद्यापीठ’ हा संग्रह १९६६ चा. तोवर सुर्वे चाळिशीला आले होते, कामगार चळवळीत मुरले होते. तो कवी स्वतःच्या बालपणाकडे त्या चळवळीच्या भाषेतून बघतो. म्हणून त्या कवितेतून मी १९६६ चा माणूस वाचते. १९२६ चं पोर तिथून थेट दिसत नाही. कादंबरीकार ही चाळीस वर्षं एका परिच्छेदात ओलांडतो. प्रबंधात ती मोकळी जागा मोकळीच दाखवावी लागते.

सध्या माझं वाक्य असं आहे: ‘प्रचलित नोंदींनुसार जन्म १५ ऑक्टोबर १९२६.’ सरांचा गोल अजून पुसलेला नाही.