दातवण आणि मुखातील जीवाणू

दातवण म्हणजे दात घासण्यासाठी वापरली जाणारी झाडाची ताजी, कोवळी काडी. खानदेशात (जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे) कडुनिंब आणि बाभूळ यांच्या काड्या यासाठी पूर्वापार वापरल्या जातात. या वनस्पतींच्या अर्कांमुळे मुखातील काही जीवाणूंची वाढ रोखली जाते, असे प्रयोगशाळेतील चाचण्यांत दिसून आले आहे. मात्र तेवढ्यावरून दात किडणे टळते, असे सिद्ध होत नाही.

परंपरा

सुश्रुतसंहितेत दातवणाची लांबी बारा अंगुळे व जाडी करंगळीएवढी सांगितली आहे. कडू रसात निंब, तुरट रसात खैर, गोड रसात मोह व तिखट रसात करंज श्रेष्ठ मानला आहे. हे चारही वृक्ष खानदेशात आढळतात. मोह व खैर विशेषतः सातपुड्याच्या रानात, तर कडुनिंब व बाभूळ शेताच्या बांधावर सहज मिळतात. काडीचे टोक चावून त्याचा कुंचला करतात व त्याने दात घासतात. या क्रियेत तंतूंचे घर्षण आणि सालीतून लाळेत उतरणारा रस असे दोन्ही परिणाम एकत्र घडतात.

दंतक्षयाचे कारण

दातांवर जीवाणूंचा चिकट थर साचतो. त्यातील स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा जीवाणू जे. किलियन क्लार्क यांनी 1924 मध्ये वर्णिला. हे जीवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. थरातील सामू सुमारे 5.5 च्या खाली गेल्यास दाताच्या कवचातील खनिजे विरघळू लागतात. हिरड्यांच्या विकारांत मात्र पॉर्फिरोमोनस जिंजिव्हॅलिससारखे वेगळे जीवाणू आढळतात.

क्रियाशील घटक

बाभळीच्या सालीत टॅनिन विपुल असते. टॅनिन प्रथिनांशी बद्ध होते, म्हणूनच तोंडाला तुरटपणा जाणवतो. कडुनिंबात निंबिडिनसारखे कडू घटक, लवंगेत युजेनॉल आणि हळदीत कर्क्युमिन असते.

प्रयोगशाळेतील तपासणी

वाळवलेल्या सालीची वा पानांची पूड पाणी किंवा अल्कोहोलमध्ये भिजवून अर्क काढतात. जीवाणू पसरलेल्या अगरच्या थाळीत लहान खळगा करून त्यात अर्क भरतात. अर्काभोवती जीवाणूंची वाढ न झालेल्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात. तुलनेसाठी क्लोरहेक्झिडिन वापरतात. नुसत्या द्रावकाचीही वेगळी चाचणी आवश्यक असते, कारण अल्कोहोल स्वतःच जीवाणू मारू शकते.

निष्कर्षांच्या मर्यादा

मोठे वर्तुळ म्हणजे अधिक गुणकारी औषध, असे समीकरण मांडता येत नाही. अगरमध्ये सहज पसरणारा पदार्थ मोठे वर्तुळ दाखवू शकतो. थाळीतील जीवाणू विखुरलेले असतात, तर दातावरील जीवाणू थराच्या आश्रयाने टिकून राहतात. शिवाय अल्कोहोलमध्ये उतरणारे सर्व घटक लाळेत उतरतीलच असे नाही. मुखात अर्क लाळेने विरळ होतो व गिळलाही जातो. माणसांवरील अनेक चाचण्या लहान व अल्पकालीन असून, त्यांत काही वेळा दातांवरील थर व हिरड्यांची सूज कमी झाल्याचे आढळले आहे. दात किडण्यापासून संरक्षण देणारे फ्लोराईड टूथपेस्टमधून मिळते; दातवणातून ते पुरेसे मिळत नाही. काडी जोराने घासल्यास हिरड्यांना इजा होऊ शकते.

मशेरी आणि दातवण

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दात घासण्यासाठी मशेरी, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, वापरली जाते. ती वनस्पतिजन्य असली तरी दातवणाप्रमाणे निरुपद्रवी नाही. निकोटिनमुळे तिचे व्यसन लागते आणि तंबाखू मुखाच्या कर्करोगाचे प्रमुख कारण आहे. केंद्र सरकारने 1992 मध्ये टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू वापरण्यास बंदी घातली आणि 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली.

अभ्यासाची साधने

या विषयासाठी लागणाऱ्या विद्याशाखा खानदेशात उपलब्ध आहेत. 15 ऑगस्ट 1990 रोजी स्थापन झालेल्या जळगाव येथील विद्यापीठात (आता कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ) जीवशास्त्राच्या, शिरपूर येथे औषधनिर्माणशास्त्राच्या व धुळे येथे दंतवैद्यकाच्या शिक्षणाची सोय आहे.