हाली, कलदार आणि उतरंडीतला बॅकअप

आमच्या ऑफिसात दर एप्रिलमधे एक चर्चा हमखास होते. इन्क्रिमेंटचं पत्र हातात पडतं आणि सगळ्यांना एकदम 'इमर्जन्सी फंड' आठवतो. सहा महिन्यांचा पगार बाजूला ठेवावा यावर सगळ्यांचं एकमत असतं. तो कुठे ठेवावा यावर मात्र कँटीनमधे रणकंदन! कोणी म्हणतो एफडी, कोणी लिक्विड फंड. आणि एक जण असतोच, जो म्हणतो, "घरात थोडी कॅश आणि चार तोळे सोनं ठेवा, बाकी सब झूट." त्याला सगळे हसतात.

गेले काही वीकेंड मी निजामाच्या मराठवाड्याबद्दल मिळेल ते वाचतोय. त्यातून एक गोष्ट लक्षात आली. त्या माणसाला हसण्यासारखं काही नाही, पण तो म्हणतो तितकं ते सोपंही नाही. आपल्या पणजोबांनी हा प्रयोग शे-दीडशे वर्षं करून ठेवलाय, आणि त्याचे निकाल उपलब्ध आहेत. :)

आमचं मूळ गाव पिंपळगाव रेणुकाई. तालुका भोकरदन, जिल्हा जालना. (जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. त्याआधी हा सगळा भाग औरंगाबाद जिल्ह्यात.) आज हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. आपल्या विषयासाठी महत्त्वाचं म्हणजे भोकरदन तालुक्याला लागूनच बुलढाणा जिल्हा सुरू होतो. १९४८ पर्यंत ही साधी जिल्ह्यांची हद्द नव्हती. इकडे निजाम, तिकडे इंग्रजांच्या कारभाराखालचं वऱ्हाड. इकडचा रुपया वेगळा, तिकडचा रुपया वेगळा. याच्याकडे येऊच, पण आधी थोडं मागे जाऊ.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी क्षत्रप राजा नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा मारलेला. म्हणजे राज्य बदललं, नव्या राजाने जुन्याच नाण्यावर आपला शिक्का ठोकला आणि चांदी तशीच चालत राहिली. धातूचा हा मोठा गुण. पण याच साठ्याची दुसरी बाजूही बघा. कोणीतरी ही नाणी अडीनडीसाठी जमिनीत पुरली, आणि ती आपल्याला सापडली याचा अर्थ तो माणूस ती काढायला परत आलाच नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर बॅकअप उत्तम होता, रिस्टोअर झाला नाही.

आता एकोणिसाव्या शतकात येऊ. शेतकऱ्याच्या घरात तेव्हा सोनं फार नसायचं, असायची ती चांदी. बाईच्या पायात वाळे-तोडे, हातात गोठ, पोराच्या कमरेला करदोटा. हौस होतीच, पण हीच त्या घराची बँकसुद्धा होती. आणि ती बँक चालायची, कारण १८९३ पर्यंत इंग्रजांच्या टांकसाळीत कोणीही चांदी नेऊन रुपये पाडून घेऊ शकायचं. टांकसाळीचा खर्च साधारण दोन टक्के. रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, त्यात ९१.७ टक्के चांदी. म्हणून शंभर तोळे चांदी म्हणजे जवळजवळ शंभर रुपये. (मधला सोनार-सावकार आपली घट कापायचा, ते वेगळं.) १८७६-७८ च्या दुष्काळात मुंबईच्या टांकसाळीत वितळवण्यासाठी दागिन्यांचे ढीग आले. तोडे गेले आणि ज्वारी आली. बँकेने आपलं काम केलं.

मग आलं १८९३. जगात चांदी स्वस्त होत होती, रुपया पौंडाच्या तुलनेत घसरत होता, आणि सरकारला लंडनला पौंडात पैसे पाठवायचे होते. म्हणून जूनमधे सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. ज्यांची चांदी अंगावर होती त्या बायकांना याचा पत्ताही नसणार. रुपयाची किंमत आता सरकार ठरवणार आणि चांदीची किंमत बाजार. दोघांची फारकत झाली.

याचा अर्थ कळला तो १८९९-१९०० मधे. हाच तो छप्पनचा दुष्काळ (संवत १९५६). मराठवाडा होरपळून निघाला. लोकांनी पुन्हा तोडे काढले, पण आता तोळाभर चांदीचे बाजारात सुमारे दहा आणे यायचे. वीस वर्षांपूर्वी ज्या दागिन्याचे जवळपास शंभर रुपये आले असते, त्याचे आता साठ-पासष्ट. त्यात गावातले सगळेच एका वेळी मोडायला आलेले, म्हणजे सोनाराच्या दुकानात भाव आणखी पडलेला, आणि ज्वारी मात्र कडाडलेली. तोडे तेच, वजन तेच, बाईही कदाचित तीच. बदलला होता तो लांब कुठेतरी सही झालेला एक नियम.

बरं, धातू नेहमी दगाच देतो असंही नाही. १९३१ साली नेमकं उलटं घडलं. जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले. धान्य होतं, पण घ्यायला गिऱ्हाईक नव्हतं, आणि सारा आणि सावकाराचं व्याज तर रोखच भरायचं. त्याच सप्टेंबरमधे इंग्लंडने सुवर्णमान सोडला आणि एकवीस-बावीस रुपये तोळा असलेलं सोनं वर्षभरातच तिशीच्या आसपास गेलं. देशभर शेतकऱ्यांनी दागिने मोडले आणि पुढच्या काही वर्षांत मुंबई बंदरातून शेकडो कोटी रुपयांचं सोनं बाहेर गेलं. त्या सोन्याला तेव्हा 'संकटाचं सोनं' म्हणत. दुःखाचंच होतं ते, पण ज्याच्याकडे सोनं होतं त्याची जमीन तरी वाचायची शक्यता होती.

दुष्काळात धान्य महाग आणि धातू स्वस्त, मंदीत धान्य स्वस्त आणि धातू महाग. संकट कोणतं येणार हे आधी माहीत नसतं, आणि सगळी गोची इथेच आहे.

आता वचन दिल्याप्रमाणे हद्दीवर येऊ.

निजामाचा रुपया म्हणजे 'हाली सिक्का'. हाली म्हणजे चालू, सध्याचा. पलीकडचा इंग्रजी रुपया म्हणजे 'कलदार', कारण तो कळीवर, म्हणजे यंत्रावर पाडलेला. (पुढे १९०३-०४ पासून हालीही यंत्रावर पडू लागला, त्यावर चारमिनार आला. नाव मात्र कलदारलाच चिकटलं.) १०० कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, असा हिशोब. सोप्या भाषेत सात हाली बरोबर सहा कलदार. इंजिनियरची खाज म्हणून मी दोन्हींतली चांदी मोजून पाहिली. हालीत ११.१८ ग्रॅमच्या ८१.८ टक्के म्हणजे ९.१ ग्रॅम, कलदारमधे १०.७ ग्रॅम. गुणोत्तर जवळजवळ तंतोतंत सातास सहा! मला हे बघून फार आनंद झाला. असो.

पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली तसं निजाम सरकारने १९१८ मधे कायदा करून कागदी नोटा आणल्या. त्या छापल्या जायच्या लंडनला. यावरून एक किस्सा. मे १९२२ मधे लंडनहून मुंबईला निघालेलं 'इजिप्त' नावाचं जहाज फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात दुसऱ्या जहाजाला धडकून बुडालं. त्यात टनावारी सोनं-चांदी होती आणि निजामाच्या नव्या नोटांचे गठ्ठेही होते. दहा वर्षांनी इटालियन पाणबुड्यांनी शंभर मीटरहून जास्त खोलीवरून हा माल वर काढायला सुरुवात केली. सोनं जसंच्या तसं सोनं. नोटाही वर आल्या, पण त्यांवर सही व्हायची होती. सही नाही म्हणजे तो फक्त ओला, रंगीत कागद. रोकड म्हणजे शेवटी कोणाची तरी सही, हे याहून स्पष्ट कसं सांगणार?

त्या सहीची खरी परीक्षा झाली १९४७-४८ मधे. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारत आणि हैदराबाद यांच्यात 'जैसे थे' करार झाला. त्यानंतर लगेचच निजाम सरकारने दोन वटहुकूम काढले. एक, भारतीय रुपया संस्थानात कायदेशीर चलन राहणार नाही. दोन, मौल्यवान धातू संस्थानातून भारतात नेण्यावर निर्बंध.

आता हद्दीवरच्या गावातल्या घराचा विचार करा. रझाकारांची दहशत वाढतेय. मराठवाड्यातून कुटुंबंच्या कुटुंबं वऱ्हाडात, मनमाडकडे, सोलापूर-बार्शीकडे निघालीत. उतरंडीतल्या मडक्यात हाली ठेवलाय तर पलीकडच्या दुकानात तो चालायचा नाही. शहाणपणा करून कलदार जमवलाय तर तो आजपासून इकडे चालत नाही. आणि सोनं-चांदी घेऊन हद्द ओलांडावी तर तेही कायद्यात बसत नाही. पूर्वजांनी तीन वेगवेगळ्या डब्यांत बॅकअप ठेवला होता, आणि थोड्याच काळात तिन्हींच्या वाटेवर अडसर आला. तरी लोकांनी दागिने लुगड्यात बांधून नेलेच असतील. निदान लपवून न्यायचं म्हटलं तर धातूच नेता येतो.

गंमत म्हणजे तेव्हा खुद्द निजामाचाही रिस्टोअर फसला. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा शिरल्या, चार-पाच दिवसांत सगळं संपलं. २० सप्टेंबरला हैदराबादचे सुमारे दहा लाख पौंड लंडनमधल्या बँकेत पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यावर वळवले गेले. आठवड्याभरात निजामाने ते परत मागितले. बँकेने नकार दिला, खातं गोठलं. निकाल लागला २ ऑक्टोबर २०१९ ला, भारत आणि निजामाच्या वारसांच्या बाजूने. तोपर्यंत रक्कम साडेतीन कोटी पौंडांच्या आसपास गेली होती. रिटर्न उत्तम, पण पैसे मागणारा निजाम १९६७ मधेच वारला होता. जगातल्या सर्वात श्रीमंत माणसांतल्या एकाची ही कथा!

सामान्य हालीवाल्यांचं मात्र बरं झालं. १९५० पासून भारतीय रुपया आला, तोच सातास सहा हा दर ठेवला, आणि १९५९ पर्यंत हाली बदलून घ्यायला वेळ मिळाला. ज्याची मडकी त्यानंतर उघडली त्याच्या हातात चांदी उरली, पण नोटांचा निव्वळ कागद झाला.

१९७२ बद्दल थोडक्यात, कारण ते अजून आपल्या घरातल्या मोठ्यांच्या आठवणीत आहे. तेव्हा प्रश्न पैशाचा नव्हताच, बाजारात धान्यच नव्हतं. लोक खडी फोडायला गेले, सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली. जुन्या माणसांनी पेवात, कणगीत दोन वर्षांची ज्वारी का भरून ठेवली असेल ते तेव्हा पुन्हा कळलं.

आणि आपल्या डोळ्यादेखतचं ८ नोव्हेंबर २०१६. पाचशे-हजारच्या नोटा गेल्या, मूल्याने देशातली ८६ टक्के रोकड. सहाच दिवसांत जिल्हा सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायला बंदी झाली. शहरात आपण एटीएमच्या रांगेत वैतागलो. गावात ज्याचं खातं फक्त त्याच बँकेत होतं त्याने ऐन रब्बीच्या पेरणीत काय करायचं? आईने पिठाच्या डब्यात लपवलेल्या नोटा तेव्हा घरोघरी बाहेर आल्या. त्याच वेळी आलेली दोन हजारची नोटही मे २०२३ मधे माघारी घेतली गेली. म्हणून लगेच 'सगळं यूपीआयवर' म्हणाल, तर फेब्रुवारी २०२४ मधे आरक्षण आंदोलनाच्या काळात जालना जिल्ह्यात काही तास इंटरनेट बंद होतं. तेव्हा खिशातली शंभरची नोटच कामाला आली असणार.

तर मंडळी, एवढं सगळं वाचून माझ्यापुरतं मी काय ठरवलं? 'किती ठेवायचं' हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की ज्या दिवशी लागेल त्या दिवशी ते कोण घेईल, कुठे घेईल आणि काय भावाने घेईल?

यातून चार साध्या गोष्टी निघतात. घरात आठवडाभर पुरेल इतकी रोकड, आणि ती लहान नोटांत. मोठा साठा नको, कारण सही कधीही बदलू शकते. थोडं सोनं ठेवायचं तर हॉलमार्कचं, पावतीसकट. मोडायला गेलात तर मोठी रक्कम रोख मिळणार नाही हेही लक्षात असू द्या. २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेताच येत नाही. मोठी रक्कम बँकेत, पण एकाच बँकेत नको. आणि किराणा महिनाभराचा असावा. हसू नका, पेवाचं ते फ्लॅटमधलं रूप आहे.

पाचवी गोष्ट जोगलटेंभीच्या त्या अनामिक माणसाकडून. कुठे काय ठेवलंय हे घरातल्या आणखी एका माणसाला माहीत हवं. आपल्याकडे सगळे पासवर्ड एकाच्याच डोक्यात असतात. ही शिकवण अमलात आणायला सोनं लागत नाही आणि पगारवाढही लागत नाही. आज रविवार आहे, संध्याकाळी अर्धा तास बायकोबरोबर, आई-बाबांबरोबर बसा आणि एका वहीत लिहून काढा. पुढचा लेख त्यानंतर वाचलात तरी चालेल.