रीळ नाही, तरी रिळाचा क्रमांक : सिनेकॅमेऱ्याच्या फाइलनावाचा इतिहास

१/ ए००७सी०१२_१६११०३_आर२ईसी. अ‍ॅरी कंपनीच्या अलेक्सा या डिजिटल सिनेकॅमेऱ्यातून निघणाऱ्या फाइलचे नाव या धाटणीचे असते. प्रथमदर्शनी ते निरर्थक वाटते. प्रत्यक्षात फिल्म, व्हिडिओ फीत आणि संगणक या तिन्ही कालखंडांच्या खुणा त्यात आहेत. हा धागा त्या नावाच्या उकलीचा.

२/ आधी फोड पाहू. 'ए' हे कॅमेऱ्याचे अक्षर. चित्रीकरणात दुसरा कॅमेरा असल्यास तो 'बी'. ००७ म्हणजे सातवे रीळ, सी०१२ म्हणजे त्यातील बारावी क्लिप. १६११०३ म्हणजे ३ नोव्हेंबर २०१६. अखेरची आर२ईसी ही त्या विशिष्ट यंत्राची ओळख. प्रश्न असा की, आत मेमरी कार्ड असताना 'रीळ' आले कोठून?

३/ उत्तर फिल्मच्या डब्यात आहे. ३५ मिमी फिल्मचे हजार फुटांचे रीळ सेकंदाला २४ चौकटींच्या गतीने सुमारे ११ मिनिटांत संपे. कॅमेरा-साहाय्यक प्रत्येक डब्यावर कॅमेऱ्याचे अक्षर व रिळाचा क्रमांक लिहीत असे. तोच क्रमांक क्लॅपवर आणि कॅमेरा-रिपोर्टवरही नोंदला जाई.

४/ फिल्मच्या कडेवर कारखान्यातच क्रमांक उमटवलेले असत. ३५ मिमीमध्ये दर फुटाला, म्हणजे दर १६ चौकटींना एक. संकलक वर्क प्रिंट कापी. नंतर हे क्रमांक जुळवून मूळ निगेटिव्हला कात्री लावली जाई. तेथे चूक झाली, तर ती सहसा भरून निघत नसे. १९९० मध्ये कोडकने कीकोड आणला आणि हे क्रमांक बारकोडच्या रूपाने यंत्रालाही वाचता येऊ लागले.

५/ व्हिडिओ फितीला असे छापील क्रमांक नव्हते. तेथे टाइमकोड आला : तास, मिनिट, सेकंद, चौकट. परंतु टाइमकोड २४ तासांनी पुन्हा शून्यावर येतो आणि दोन फितींवर एकच टाइमकोड असू शकतो. म्हणून वेळेसोबत फितीचे नावही नोंदणे अपरिहार्य ठरले.

६/ १९७१ मध्ये सीबीएस व मेमोरेक्स यांच्या सीएमएक्स या संयुक्त कंपनीने संगणकाधारित संकलनयंत्र आणले. पुढे तिच्या सीएमएक्स ३६०० प्रणालीतील संकलन-यादीचा नमुना उद्योगभर रूढ झाला. त्या यादीत रिळाच्या नावाला जागा होती अवघ्या आठ चिन्हांची.

७/ आता मूळ नावातील ए००७ आणि आर२ईसी एकत्र ठेवा. रोमन लिपीत लिहिल्यास अक्षरे व अंक मिळून बरोबर आठ! अलेक्सा २०१० मध्ये आली. तरी तिच्या रिळाचे नाव त्या जुन्या यादीच्या रकान्यात नेमके बसते.

८/ २००७ च्या रेड वन कॅमेऱ्यातही हाच वारसा दिसतो. तिच्या फोल्डरच्या नावाअखेरीस येणाऱ्या 'आरडीएम'मधील 'एम' म्हणजे मॅगझीन, फिल्म भरण्याची पेटी. क्लिपच्या नावात महिना व दिवस येतो, वर्ष मात्र येत नाही. ते फाइलच्या आतील नोंदींत शोधावे लागते.

९/ या नावांवर बरेच काही अवलंबून असते. संकलन बहुधा हलक्या प्रतींवर होते. शेवटी नाव व टाइमकोड जुळवून मूळ फाइली जोडल्या जातात. सोयीसाठी कोणी मूळ फाइललाच 'नायिका_अंतिम' असे नाव दिले, की हा दुवा तुटतो. दोन कॅमेऱ्यांना चुकून 'ए' हेच अक्षर दिले गेले, तर शेवटची यंत्र-ओळखच त्यांच्या फाइलींतील घोळ टाळते.

१०/ इतिहासाच्या अभ्यासकाला येथे परिचित तत्त्व भेटते : साधनाची मूळ खूण पुसू नये, आपले वर्णन वेगळ्या नोंदीत लिहावे. संग्रहात ए००६ आणि ए००८ आहेत, पण ए००७ नाही, एवढ्यावरूनच काहीतरी हरवले असल्याची शंका येते आणि शोध सुरू करता येतो. नावे बदललेल्या संग्रहात ही शंका येण्याचा मार्गच उरत नाही.