बिऱ्हाड आणि शेजार

सहा गोल्डफिश मी स्वच्छतेच्या नादात मारले. मुलगी लहान होती आणि आम्ही महाडमध्येच एका भाड्याच्या घरातून दुसऱ्यात चाललो होतो. नव्या घरी सगळं लख्ख हवं, म्हणून मी माशांच्या टाकीतली वाळू खळाळून धुतली, फिल्टरचा मळकट स्पंज नळाखाली पिळला आणि नळाचं ताजं पाणी भरलं. आठवड्याच्या आत एकही मासा उरला नाही. “अब्बा, स्वच्छ पाण्यात मासे कसे मरतात?” तिनं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही, पण शोधायला मात्र लागलो.

शोधताना लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाची गाठ पडली. १८४९ मध्ये त्यानं काचेच्या मोठ्या भांड्यात वाळू, पाणवनस्पती आणि दोन गोल्डफिश ठेवले. वनस्पती प्राणवायू देत होती, पण तिची पानं कुजून पाणी खराब होऊ लागलं. मग त्यानं गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजलेलं खाऊन टाकलं आणि पाणी न बदलता सगळे जगले. म्हणजे माशाला शेजार लागतो. त्यातले सर्वांत महत्त्वाचे शेजारी तर डोळ्यांना दिसतही नाहीत. मासे पाण्यात अमोनिया सोडतात, तो त्यांनाच विषारी असतो. वाळूवर आणि स्पंजवर राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच सौम्य नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राद्स्की यांनी हे जिवाणू वेगळे करून दाखवले. मी नळाखाली पिळून टाकले ते हेच. वर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन होतंच.

आपल्याकडे मासे गावोगाव नेणाऱ्यांनी हे शास्त्र वाचलेलं नव्हतं, पण पाण्याचा स्वभाव त्यांना ठाऊक होता. बंगालच्या नद्यांतलं रोहू-कटल्याचं बीज मातीच्या हंड्यांत भरून रेल्वेनं दूरदूरच्या प्रांतांत जाई. हंडीबरोबर माणूस असे. तो वाटभर हातानं पाणी हलवत राही, कारण हलतं पाणी हवा घेतं. पाण्यात तांबडी मातीही टाकत, तिच्याबरोबर घाण तळाशी बसे. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी ओडिशात कार्प माशांचं प्रजनन इंजेक्शन देऊन घडवलं आणि बीजासाठी नदीवरच अवलंबून राहण्याची गरज संपली. पुढे प्लास्टिकच्या पिशवीत थोडं पाणी घेऊन वर प्राणवायू भरण्याची रीत आली. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या केंद्रात तर महाशीर माशाची अंडी ओल्या कापसात ठेवून दूर पाठवण्यापर्यंत मजल गेली. आज दुकानदार मासे देतो ती पिशवी त्या हंडीचीच नात.

२२ जुलै २०२१ ला सावित्रीचं पाणी महाडात शिरलं. आमची दुसरी टाकी माडीवर होती म्हणून वाचली. पुढच्या वर्षी आम्ही उंचावरच्या घरात गेलो, तेव्हा तळीयेचा एक मित्र मदतीला आला. त्याच २२ जुलैला त्याच्या गावची कोंढाळकरवाडी डोंगराखाली गेली होती. ऐंशीहून अधिक माणसं दगावली. हा कामानिमित्त महाडात होता म्हणून राहिला. त्याचं बिऱ्हाड तेव्हा कंटेनरच्या घरात होतं.

या वेळी मी आदल्या दिवशी माशांना खाणं दिलं नाही. निम्म्याहून अधिक जुनं पाणी कॅनमध्ये भरलं, वाळू आणि स्पंज त्याच पाण्यात ओले ठेवले. मासे पिशव्यांत घालून झाकलेल्या बादलीत ठेवले. भरलेली टाकी उचलली तर काच तडकते, म्हणून ती रिकामी करून नेली. नव्या घरी आधी जुनं पाणी ओतलं, मग दिवसभर उघडं ठेवलेलं नळाचं पाणी थोडं थोडं घातलं. पिशव्या वीस मिनिटं पाण्यावर तरंगू दिल्या, मगच मासे सोडले. एकही दगावला नाही.

“काय रे कवी, हे मळकं पाणी कशाला वाहून नेतोयस?” मित्रानं कॅन उचलताना विचारलं होतं. मी त्याला वॉरिंग्टनपासून सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. त्या वेळी तळीयेच्या पुनर्वसनाच्या घरांचं काम चालू होतं. खाली उतरताना जिन्यात थांबून तो म्हणाला, “घर मिळेल रे. फक्त शेजारी वाडीतलेच दिले पाहिजेत. जे उरलेत, ते.”