विज्ञान प्रदर्शनाच्या टेबलावरील इलेक्ट्रॉनिक्स: मोडनिंब आणि माढा तालुका

मोडनिंब हे सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील, पुणे–सोलापूर महामार्गावरचे बाजाराचे गाव. इथल्या शाळेत तयार झालेले उपकरण स्पर्धेत उतरवायचे तर पहिली पायरी तालुकास्तरीय विज्ञान प्रदर्शनाची. त्यानंतर सोलापूरचा जिल्हास्तर, मग राज्यस्तर. देशपातळीवरचे मुलांचे विज्ञान प्रदर्शन एनसीईआरटीने १९७१ पासून भरवायला सुरुवात केली. महाराष्ट्रात त्याची व्यवस्था नागपूरच्या राज्य विज्ञान शिक्षण संस्थेकडे आली. विद्यार्थ्यांच्या प्राथमिक आणि माध्यमिक गटांबरोबर शिक्षकांचे शैक्षणिक साहित्य आणि प्रयोगशाळा परिचरांची उपकरणे यांनाही इथे स्वतंत्र गट मिळाले. परिचराचा गट ही या प्रदर्शनातली सर्वांत दुर्लक्षित आणि कित्येकदा सर्वांत पाहण्याजोगी गोष्ट आहे. शाळेतला पक्कड-पान्हा बहुधा त्याच्याच हाती असतो.

यंत्रांशी या तालुक्याचा परिचय जुना. बार्शी लाइट रेल्वेची कुर्डुवाडी–पंढरपूर नॅरोगेज लाइन १९०६ मध्ये मोडनिंबवरून गेली आणि कुर्डुवाडीला रेल्वेचे वर्कशॉप उभे राहिले. शाळकरी मुलांच्या हाती मात्र इलेक्ट्रॉनिक्स आले ते ट्रान्झिस्टर स्वस्त झाल्यावर. तोवर टेबलावर थर्माकोलचे धरण, पवनचक्की आणि ज्वालामुखी यांचे राज्य होते. मग पाण्याची टाकी भरली की वाजणारा बझर आला. त्याचे सर्किट अगदी थोडक्यात मावते: टाकीत वेगवेगळ्या उंचीवर सोडलेल्या तारा, बीसी ५४७ जातीचा एखादा ट्रान्झिस्टर, रोध, एलईडी आणि नऊ व्होल्टची बॅटरी. पाणी तारेला टेकले की त्यातून जाणारा अगदी थोडा प्रवाह ट्रान्झिस्टरच्या बेसला मिळतो आणि बझर वाजतो. अंधार पडताच आपोआप लागणारा रस्त्यावरचा दिवा हे याचेच भावंड. त्यात तारांच्या जागी प्रकाशानुसार रोध बदलणारा एलडीआर असतो. १९७० च्या दशकात बाजारात आलेल्या ५५५ या टायमर आयसीने लुकलुकणाऱ्या दिव्यांची भर घातली.

सुटे भाग मिळवणे हा प्रकल्पातला निम्मा उद्योग असे. गावातल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातून जुन्या बोर्डावरचे भाग सोडवून घेणे ही एक वाट. दुसरी पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीची. महामार्गावर असल्याने मोडनिंबला ही दुसरी वाट आडवळणाच्या गावांपेक्षा सोपी होती. परीक्षकाला एका टेबलापाशी काही मिनिटेच मिळत, म्हणून दिवा आणि आवाज यांना झुकते माप मिळाले. शांतपणे नुसते मोजमाप करणारे उपकरण मागे पडे. प्रदर्शनाच्या रचनेतला हा दोष आजही गेलेला नाही.

संगणकाची गोष्ट बराच काळ वेगळ्या खोलीत चालली. केंद्राच्या ‘क्लास’ योजनेत १९८४–८५ मध्ये देशातल्या निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. खेड्यांपर्यंत संगणक पोचला तो २००० नंतर, शाळांच्या संगणक कक्षांतून आणि एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी वर्गांतून. पण तिथे शिकायचे ते टंकलेखन आणि तक्ते. कोड आणि तार यांची गाठ पडली ती आर्डुइनोमुळे. इटलीतल्या इव्रेआ इथे २००५ च्या सुमारास तयार झालेला हा बोर्ड संगणकावर लिहिलेला प्रोग्राम स्वतःत साठवतो आणि पुढे बॅटरीवर एकटा चालतो. ठोकळे जुळवून प्रोग्राम करण्याची स्क्रॅच ही भाषा एमआयटीने २००७ मध्ये खुली केली. महाराष्ट्रात या साऱ्याची पूर्वतयारी शिरूर तालुक्यातल्या पाबळला झाली होती: डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात एमआयटीच्या सहकार्याने २००२ मध्ये फॅब लॅब ही डिजिटल निर्मितीची कार्यशाळा आली. ‘करत शिकणे’ ही कलबागांची पद्धत त्याआधीच ग्रामीण शाळांत गेलेली होती.

बोर्ड बदलला तरी विषय फारसे बदलले नाहीत. उजनी धरण याच तालुक्याच्या सीमेवर. शेतपंपाला वीज बऱ्याचदा रात्रीच्या पाळीत. त्यामुळे मोटार आणि पाणी हे इथल्या मुलांच्या घरातले रोजचे बोलणे. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी मोबाइलवरून पंप चालू-बंद करणारे ‘नॅनो गणेश’ बाजारात आणले ते याच अडचणीपायी. मातीचा ओलावा पाहून पंप चालवणाऱ्या शालेय आवृत्तीत मातीत खुपसायचा दुहेरी काटा, आर्डुइनो, रिले आणि लहानसा पंप असतो. काट्याचे मोजमाप बोर्डाला ० ते १०२३ मधल्या आकड्यात कळते. नेहमीच्या जोडणीत माती कोरडी तितका आकडा मोठा. ठरलेल्या आकड्यापलीकडे गेले की रिले ओढला जातो आणि पंप सुरू होतो. खरी मेख हा आकडा ठरवण्यात आहे. काळ्या जमिनीत जो चालतो तो मुरमाड रानात चालत नाही, आणि स्वस्त काटा ओलाव्यात काही दिवसांतच गंजतो.

पैशाची बाजू योजनांनी सांभाळली. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या इन्स्पायर पुरस्कारांना पुढे ‘मानक’ हे नाव जोडले गेले. त्यात सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्याची कल्पना निवडली गेली की उपकरणासाठी दहा हजार रुपये मिळतात. जुना क्रम इथे उलटला: आधी उपकरण आणि मग बक्षीस असे, आता आधी पैसे. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅबला २० लाखांचे अनुदान ठरले आणि थ्रीडी प्रिंटर शाळेत आला. २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी अशा आणखी ५० हजार लॅब जाहीर झाल्या.

माढा तालुक्याचे नाव या काळात जगभर गेले ते मात्र स्पर्धेबाहेर. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. त्यांना २०२० चे दहा लाख डॉलरचे ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले आणि निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

तयार किट आणि इंटरनेटवरचा तयार कोड यांनी परीक्षकांपुढे नवा पेच टाकला आहे. एकच उपकरण एकाच दालनात तीन टेबलांवर दिसू शकते, तिन्ही चालू स्थितीत. काम मुलाचे की किटवाल्याचे हे ताडायला फार वेळ लागत नाही: प्रोग्राममधला तो ओलाव्याचा आकडा बदलून दाखवायला सांगावे, किंवा रिलेची तार काढून आता काय होईल ते विचारावे.