तळटीप : ‘सतरा नंबरची कबर’

म्हणजे राजांच्या दरीतील फेरो पहिला सेती याची कबर. जॉन गार्डनर विल्किन्सन यांनी १८२७ मध्ये इथल्या कबरींच्या दारांवर रंगाने आकडे घातले. तीच क्रमवारी आजही चालते. सतराव्या कबरीचे तिकीट वेगळे काढावे लागते आणि ते महाग आहे, तरी लक्सरला गेलेल्याने ती चुकवू नये. लेखिकेला ‘रंग उडालेल्या’ दिसलेल्या भिंती काळाने झिजलेल्या नाहीत. १८१७ मध्ये ही कबर शोधणारे बेल्झोनी आत उतरले तेव्हा रंग टवटवीत होते. पुढे ठसे घेणाऱ्यांनी भिंतींवर ओले कागद दाबले. ते सोलून काढताना रंगही निघून आला. चित्रलिपी उलगडणाऱ्या शांपोलियाँ यांनीच १८२९ मध्ये सेती आणि हाथोर देवीचा कोरीव पट्ट कापवून नेला, याचे फार वाईट वाटते. तो आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. अलाबास्टरची शवपेटी लंडनच्या सोन संग्रहालयात. सेतीची ममी मात्र इथे सापडलीच नाही. प्राचीन पुरोहितांनी लुटारूंच्या भीतीने हलवलेली ती ममी १८८१ मध्ये दैर अल-बहरीजवळच्या गुप्त भुयारातून बाहेर आली. तिचा चेहरा अजून शाबूत आहे. — संपा.