मिलिंद राजा, नागसेन भन्ते आणि आजीचा टाक

आमच्या देवगाव रंगारीहून आणि अख्ख्या कन्नड तालुक्यातून पोरं शिकायला औरंगाबादेत जातात. त्यातली बरीच नागसेनवनात, मिलिंद महाविद्यालयात प्रवेश घेतात. टी-शर्टवर बाबासाहेब असतात, प्रोफाइलवर निळा झेंडा असतो. पण मिलिंद कोण होता आणि बाबासाहेबांनी महाविद्यालयाला एका परक्या राजाचं नाव का दिलं, हा प्रश्न शंभरातला एखादाच विचारतो. हा लेख त्या प्रश्नावर आहे. आणि आमच्याच हातून घडलेल्या एका चुकीवरही आहे.

चूक आधी सांगतो. मागच्या वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालू होतं. ऐकायला एक आजी रोज यायच्या. वय सत्तरीच्या पुढे, अक्षरओळख नाही, पण पंचशील तोंडपाठ. एका संध्याकाळी विषय देवाधर्माचा निघाला. आमच्यातल्या एका तरुण कार्यकर्त्याने भर सभेत आजींना विचारलं की, तुमच्या घरी अजून खंडोबाचा टाक आहे म्हणे, मग इथे कशाला येता? काही जण हसले. आम्ही हसलो नाही, पण गप्प बसलो. दुसऱ्या दिवसापासून आजी आल्या नाहीत. ग्रंथ पूर्ण झाला, आश्विन पौर्णिमा झाली, खीरदान झालं. आजींची जागा रिकामीच राहिली.

त्या दिवशी वाद कोण जिंकलं? आमच्या मते कुणीच नाही. देव आहे की नाही हा प्रश्न जिथल्या तिथे राहिला. एक माणूस मात्र धम्मापासून लांब गेलं.

आता मिलिंदाकडे येऊ. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्य भारतावर मिनँडर नावाचा ग्रीक राजा राज्य करत होता. पाली साहित्य त्याला मिलिंद म्हणतं. त्याची राजधानी सागल, म्हणजे आजच्या पाकिस्तानातलं सियालकोट. राजा वादविवादात पटाईत होता आणि भल्याभल्यांना निरुत्तर करायचा. त्याची गाठ पडली भिक्खू नागसेनांशी. त्यांचे प्रश्न आणि उत्तरं 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात आहेत. आत्मा नाही, तर मग नागसेन म्हणजे कोण? पुनर्जन्म कुणाचा? रथाचा प्रसिद्ध दाखला याच ग्रंथातला आहे. चाक म्हणजे रथ नाही, आस म्हणजे रथ नाही, दांडी म्हणजेही रथ नाही, मग रथ म्हणजे काय?

पण आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते ती चर्चेच्या सुरुवातीलाच नागसेनांनी घातलेली अट. राजा म्हणाला, माझ्याशी चर्चा कराल का? नागसेनांनी सांगितलं, पंडितांच्या रीतीने करणार असाल तर करीन, राजांच्या रीतीने करणार असाल तर नाही. राजाने फरक विचारला. नागसेनांचं उत्तर थोडक्यात असं आहे: पंडितांच्या चर्चेत गुंता होतो आणि सुटतो, एखाद्याचं मत खोडलं जातं आणि तो ते कबूल करतो, पण कुणी रागावत नाही. राजे मात्र एक मत मांडतात आणि ते न मानणाऱ्याला दंड करतात. राजाने पंडितांची रीत मान्य केली.

ही अट कुणी कुणाला घातली ते बघा. सत्ता राजाकडे होती, फौज राजाकडे होती. भिक्खूकडे होतं भिक्षापात्र. कमी ताकदीच्या माणसाने जास्त ताकदीच्या माणसाला सांगितलं की, आधी तुझी तलवार बाजूला ठेव, मग बोलू. म्हणजे वादातला सभ्यपणा हा नुसता गोड बोलण्याचा प्रश्न नाही. ज्याच्या हातात दंड आहे त्याने तो खाली ठेवणं ही सभ्यपणाची पहिली पायरी आहे.

आता त्या विहाराकडे पुन्हा बघा. तिथे राजा कोण होता? गावाच्या चौकात आम्ही राजा नाही. तिथे आजही कुणाच्या गल्लीतून मिरवणूक जाणार यावरून आम्हाला डोळे दाखवले जातात. पण विहारात माईक आमच्या हातात होता, पुस्तक आमच्या हातात होतं, शिक्षण आमच्याकडे होतं. आजींकडे यातलं काहीच नव्हतं. आम्ही त्यांच्याशी राजांच्या रीतीने बोललो आणि दंडही केला. चारचौघांतलं हसू हा दंडच असतो.

बाबासाहेबांनी ही रीत कशी पाळली, याचे दाखले आपल्याच इतिहासात आहेत.

पहिला दाखला 1936 चा. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने बाबासाहेबांना वार्षिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलावलं. बाबासाहेबांनी भाषण लिहून काढलं. मंडळींनी ते वाचलं आणि धर्मग्रंथांवरची टीका सौम्य करा, 'वेद' हा शब्द टाळा, धर्मांतराचा उल्लेख गाळा, अशा सूचना सुरू केल्या. हे सगळं अतिशय नम्र भाषेत. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद झालीच नाही. त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापलं, प्रती काढल्या 1500. तेच 'जातिप्रथेचे निर्मूलन'.

त्यानंतर गांधींनी 'हरिजन'मध्ये या पुस्तकावर टीका लिहिली. 1937 मध्ये दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा बाबासाहेबांनी गांधींचे लेख आपल्याच पुस्तकात छापले आणि त्याखाली स्वतःचं उत्तर दिलं. मंडळाशी झालेला पत्रव्यवहार तर पहिल्याच आवृत्तीत होता. त्यामुळे आज गांधींची बाजू काय होती हे कळायला बाबासाहेबांच्या पुस्तकाबाहेर जावं लागत नाही.

यात दोन वेगळ्या सभ्यता दिसतात. एक मंडळाची. ती म्हणते, आमचं मन दुखेल, तुमचे शब्द गाळा. दुसरी बाबासाहेबांची. ती म्हणते, माझे शब्द मी गाळणार नाही आणि तुमचेही गाळणार नाही. पहिली सभ्यता दलितांकडून शेकडो वर्षं मागितली गेली आहे आणि ती नाकारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. दुसरी मात्र आपली आहे. ती सोडली तर आपण बाबासाहेबांची रीत सोडली.

दुसरा दाखला थेट औरंगाबादचा. निजामाचं राज्य सप्टेंबर 1948 मध्ये संपलं. मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हतीच. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये इथे महाविद्यालय सुरू केलं. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं आणि तो परिसर नागसेनवन. इमारतीची कोनशिला 1 सप्टेंबर 1951 रोजी बसवली गेली. ती बसवली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी.

राजेंद्र प्रसाद श्रद्धाळू सनातनी वृत्तीचे. त्याच वर्षी मे महिन्यात नेहरूंची नाराजी पत्करून ते सोमनाथ मंदिराच्या प्राणप्रतिष्ठेला गेले होते. बाबासाहेबांच्या हिंदू कोड बिलाला त्यांचा विरोध होता आणि तो लपून राहिलेला नव्हता. कोनशिलेनंतर दोनच आठवड्यांनी, 15 सप्टेंबरला, त्यांनी नेहरूंना पत्र लिहून बिलाबद्दलचा आपला विरोध कळवला. बिल रखडलं आणि 27 सप्टेंबरला बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

एकाच महिन्यात या दोन्ही गोष्टी घडल्या. विरोधकाच्या हस्ते कोनशिला बसवली म्हणून बाबासाहेबांनी बिलाची धार कमी केली नाही. बिलावर मतभेद होते म्हणून देशाच्या राष्ट्रपतींना आपल्या विद्यार्थ्यांच्या दारात येण्यापासून अडवलं नाही. मतभेद होते तिथे शेवटपर्यंत लढले, तेही मंत्रिपद सोडून. मान द्यायचा तिथे मान दिला. आपल्याला मात्र आज या दोन्हीतलं एकच जमतं. काही जण लढतात आणि माणुसकी सोडतात. काही जण माणुसकीच्या नावाखाली लढणंच सोडतात.

तिसरा दाखला गाडगेबाबांचा. त्यांच्या कीर्तनात गोपाळाचा गजर असायचा. त्यांनी धम्मदीक्षा घेतली नव्हती. पण नवसाला बकरं कापू नका, कर्ज काढून सण करू नका, पोरांना शाळेत घाला, हे ते प्रश्न विचारून विचारून लोकांच्याच तोंडून वदवून घ्यायचे. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. बाबासाहेबांनी त्यांना कधी विचारलं नाही की, तुमच्या तोंडी गोपाळ आहे, मग तुम्ही आमचे कसे? 6 डिसेंबर 1956 ला बाबासाहेब गेले आणि चौदा दिवसांनी, 20 डिसेंबरला, गाडगेबाबा गेले. आपल्या घरांत दोघांच्या तसबिरी शेजारी शेजारी असतात त्या उगाच नाही.

आता आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. कार्यकर्ते म्हणतील, सभ्यपणाचे धडे आम्हालाच का? काळाराम मंदिराच्या दारात दगड कुणी खाल्ले? नामांतराचा ठराव विधिमंडळात 27 जुलै 1978 ला झाला, तेव्हा मराठवाड्यात घरं कुणाची जळाली? नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडावं लागलं. देवाला विरोध न करता फक्त शोषणाला विरोध करतो, असं आयुष्यभर सांगणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात गोळ्या घातल्या. डॉ. श्रीराम लागूंसारखा पक्का निरीश्वरवादी आणि दाभोलकर एका व्यासपीठावर बसून देवाबद्दलचे आपले मतभेद लोकांसमोर मांडायचे, इतकी सभ्यता त्यांच्याकडे होती. तिचं फळ काय मिळालं?

आमचं उत्तर असं आहे. गोळी, जाळपोळ, बहिष्कार हा वाद नव्हे. तो गुन्हा आहे आणि त्याला उत्तर सभ्यपणा नाही, कायदा आहे. बाबासाहेबांनी संविधान आणि आंदोलन ही दोन्ही हत्यारं आपल्या हातात दिली, ती तिथे वापरायची. लोकांना लुबाडणाऱ्या भोंदूशी गोड बोलण्याचीही गरज नाही, त्यासाठी जादूटोणाविरोधी कायदा आहे. पण आजी म्हणजे भोंदू नाहीत. शेजारचा वारकरी म्हणजे जाळपोळ करणारा जमाव नाही. दर्ग्यावर चादर चढवणारा मित्र म्हणजे मनुस्मृती नाही. व्यवस्थेवरचा राग माणसावर काढला की व्यवस्था तशीच राहते, माणूस मात्र तुटतो.

समोरून कुणी बुद्धाची किंवा बाबासाहेबांची निंदा केली तर? दीघनिकायाच्या पहिल्याच सुत्ताची सुरुवात याच प्रसंगाने होते. सुप्पिय नावाचा परिव्राजक वाटेने बुद्धाची निंदा करत चालला होता. भिक्खूंमध्ये चर्चा सुरू झाली. बुद्धांनी सांगितलं की, माझी निंदा ऐकून रागावलात तर त्यात तथ्य आहे की नाही हे तुम्हाला कळणारच नाही. जे खोटं असेल ते खोटं का आहे, ते उलगडून दाखवा. म्हणजे उत्तर द्यायचंच आहे. राग टाळायचा तो उत्तर नेमकं देता यावं म्हणून.

22 प्रतिज्ञा आपण दरवर्षी म्हणतो. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला लाखोंनी त्या घेतल्या. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, हे पहिल्याच प्रतिज्ञेत आहे आणि त्यात तडजोड नाही. पण या प्रतिज्ञांमध्ये एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. सगळ्या 'मी'ने बोलल्या आहेत. मी मानणार नाही, मी करणार नाही, मी पाळीन. दुसऱ्याच्या देवघरात हात घालीन, अशी एकही प्रतिज्ञा नाही. बाबासाहेबांनी नकाराचं बळ दिलं ते स्वतःच्या जगण्यावर लावायला. ते नीट लावलं की शेजारचा आपोआप विचारतो, तुमच्याकडे सत्यनारायण नाही, मग पैसा वाचतो त्याचं काय करता? संवाद तिथून सुरू होतो.

मज्झिमनिकायात नालंद्याच्या उपाली गृहपतीची गोष्ट आहे. तो निगंठांचा अनुयायी होता आणि बुद्धाला वादात हरवायला आला होता. चर्चेत त्याला बुद्धाचं पटलं आणि तो उपासक व्हायला निघाला. बुद्ध म्हणाले, नीट विचार कर, घाई नको. आणि पुढे सांगितलं की, तुझ्या दारी निगंठांना इतकी वर्षं भिक्षा मिळत आली आहे, ती देणं बंद करू नकोस. मत बदललं म्हणून जुनी नाती तोडायची नाहीत, ही शिकवण खुद्द तथागतांची आहे.

आश्विन पौर्णिमेनंतर आम्ही आजींच्या घरी गेलो. माफी मागितली. आजींनी चहा ठेवला आणि टाक काढून दाखवला. बोटभर, घासून घासून चेहरा पुसट झालेला. म्हणाल्या, "लेकरांनो, हा माह्या सासूचा हाये. तिनं मरताना हातात दिला. आता काय पाण्यात सोडू तिला?"

आम्ही ज्याला अंधश्रद्धा समजत होतो, ती एका बाईची आठवण होती. निदान त्यात आठवणही होती. हे आम्हाला आधी कळलं असतं, जर आम्ही प्रश्न उत्तर ऐकण्यासाठी विचारला असता. त्या दिवशी आमचा प्रश्न टाळ्या मिळवण्यासाठी होता.

आजी अजून विहारात आलेल्या नाहीत. टाकही घरातच आहे. येत्या आषाढी पौर्णिमेला वाचन पुन्हा सुरू होईल, तेव्हा निरोप द्यायला आम्ही स्वतः जाणार आहोत. ज्या कार्यकर्त्याने तो प्रश्न विचारला होता, तोही बरोबर येतो म्हणाला आहे. आल्या तर पुढची जागा त्यांची. आणि या वेळी मधूनच कुणी प्रश्न विचारायचा असेल तर पहिला प्रश्न त्या विचारतील, उत्तर आम्ही देऊ. पंडितांच्या रीतीने.

जय भीम! नमो बुद्धाय!